आधी काटा, मग पाना : पिकअपचे मागचे पाटे भारासाठी भक्कम करताना

केळीची कापणी जोरात असली की सावदा-रावेर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहावं आणि जाणाऱ्या पिकअपची नुसती शेपटं बघावीत. कित्येक गाड्यांचं नाक आभाळाकडे आणि बूड रस्त्याला टेकायला आलेलं. मग एखादा ड्रायव्हर "भाऊ, गाडी मांगे बशी गयी" म्हणत पाटेवाल्याकडे, म्हणजे एक्सलवर भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग) बसवणाऱ्याकडे जातो. पाटेवाला वाकून बघतो न बघतो आणि विचारतो, "एक टाकू का दोन?" मी एकदा "दोन" म्हणालो होतो.

मूळच्या ८ मिलिमीटरच्या पाट्यांत १० मिलिमीटरचे दोन पाटे बसले. गाडी भरली तरी दबेना, मी खूश. पण शिवारातून रिकामी येताना मागची चाकं बेडकासारखी उडायची. पावसात ब्रेक मारला की बूड बाजूला सरकायचं. अर्धा भार असला तर हादऱ्यांनी फण्या एकमेकींवर घासून काळ्या पडायच्या आणि व्यापारी तेवढा दर कापायचा. चौथ्या महिन्यात त्या दोन जाड पाट्यांपैकीच एक मधोमध, सगळे पाटे एकत्र जखडणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला. तेव्हापासून हे काम मुळातून समजून घ्यायला लागलो. आता माझ्या दोन्ही गाड्यांचे आणि भावकीतल्या तिघांचे पाटे आम्ही खळ्यावरच खोलतो. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा ज्या गाड्यांचा मागचा भाग पाट्यांवर चालतो, त्यांच्यासाठी ही रीत आहे.

पाट्याने काय वाढतं, काय वाढत नाही

पाटे भक्कम केले की गाडी भाराखाली कमी बसते, सरळ चालते, वळणावर कमी झुकते. एवढंच. गाडीची वाहून न्यायची ताकद त्याने वाढत नाही. ती एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस मिळून ठरवतात आणि यातला सगळ्यांत कच्चा जो असेल तिथे ती संपते. पाटा बसणं ही खरं तर गाडीने दिलेली सूचना असते. जाड पाटे टाकले की ती सूचना बंद होते आणि वजन गुपचूप बेअरिंगवर जातं.

म्हणून आधी आरसी हातात घ्या. तिच्यावर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन, दोन्ही असतात. वजाबाकी करा. त्यातच ड्रायव्हर, शेजारचे दोन हमाल, ताडपत्री, दोर आणि नंतर बसवलेली लोखंडी जाळी हे सगळं धरायचं. जाळी आणि फळ्यांचं वजन लोक विसरतात, पण काटा विसरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे आहेत. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं. पासिंगला चेसिसवर जोडलेले (वेल्डिंगचे) जुगाड लगेच दिसतात. त्यामुळे आपल्याच मॉडेलच्या जास्त भाराच्या प्रकाराला कंपनी जो पाट्यांचा संच देते, तो आपल्या चेसिसला चालतो का, हे आधी सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओत विचारा. चालत असेल तर बाकीचे पर्याय बघायची गरजच नाही.

भुईकाट्यावर तीन वजनं

नेहमीचा माल नेहमीसारखा भरून भुईकाट्यावर जा. पहिलं वजन पूर्ण गाडीचं. मग गाडी पुढे घ्या, पुढची चाकं काट्याबाहेर उतरवा आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून दुसरं वजन घ्या. काटा जमिनीच्या पातळीत असेल तरच हे वजन बरोबर येतं. चढ असला तर आकडा फसवतो. तिसरं वजन रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांचं. काटेवाला कुरकुरतो, दोन पावत्यांचे पैसे जास्त द्या.

आता टायरच्या कडेवरचा भारांक वाचा. मापाच्या पुढे लिहिलेला हा आकडा असतो : १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. '११०/१०८' असे दोन आकडे असतील तर मागे एका बाजूला एकच चाक असणाऱ्या गाडीने पहिला धरायचा. दोन टायरची बेरीज मागच्या चाकांच्या वजनापेक्षा कमी भरली, तर पाट्यांचा विषय तिथेच थांबवा. आधी टायर. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. मे महिन्यात ४५ अंशांत तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून काढून टाकणारे आहेत. तसं करू नका, रात्री तोच टायर कमी हवेचा होतो आणि दुसऱ्या दिवशी भाराखाली आणखी तापतो.

काट्यावर कळणारी दुसरी गोष्ट फुकटची आहे. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ३ मीटर आणि माल १,५०० किलो. मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे पडला तर मागच्या चाकांवर १,३५० किलो येतात आणि पुढच्यांवर १५०. तोच मध्य एक्सलच्या २० सेंटिमीटर मागे गेला तर मागे १,६०० किलो येतात आणि पुढची चाकं १०० किलोने हलकी होतात, म्हणजे स्टेअरिंग तरंगायला लागतं. माल तोच, मागे फरक अडीचशे किलोचा. मक्याची पोती केबिनला चिकटवून लावायची, ड्रम पुढे आणि हलकं सामान मागे. अनेक गाड्या पाट्यांमुळे नाही, भरण्यामुळे बसतात. उन्हाळ्यात बागेला पाणी द्यायला पिकअपवर टाकी ठेवणाऱ्यांनी तर एक लिटर म्हणजे एक किलो हे फळीवर लिहूनच ठेवावं. दोन हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे दोन टन आणि वर टाकीचं वजन वेगळं. टाकी अर्धी असेल तर पाणी हिंदकळतं, वळणावर सगळं एका बाजूला येतं. त्याला पाटा उपाय नाही, आतले आडवे पडदे उपाय आहेत.

बसलेत की तुटलेत?

रिकामी गाडी सपाट जागी उभी करा. दोन्ही बाजूंना एक्सलच्या वरून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोजा. चेसिसखाली जे रबरी जंपर असतं त्याचं आणि एक्सलचं अंतरही मोजा. मग भरलेल्या गाडीवर तेच. सगळे आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा, वहीतलं पान हरवतं. रिकाम्या गाडीतच डावं-उजवं बोटभर वेगळं असेल तर एका बाजूचा पाटा थकलाय किंवा तुटलाय. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या उताराने चालते, त्यामुळे डावी बाजू आधी बसते, हा आम्हा सगळ्यांचा अनुभव.

मग तारेचा ब्रश घेऊन खाली शिरा. पाट्यांवरची काळी माती वाळून दगड झालेली असते. ती खरवडल्याशिवाय चीर दिसत नाही. चीर बहुतेक वेळा मधल्या भोकापाशी किंवा कडीच्या (पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपच्या) आसपास असते. जंपरचं रबर चेचलेलं असेल तर गाडी रोज तळाला आपटतेय. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर डावीकडून आणि उजवीकडून मोजा. फरक पडला तर सेंटर बोल्ट कापला गेलाय आणि एक्सल सरकलाय. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारा हलता दुवा) आणि पाट्याच्या वळवलेल्या टोकांच्या डोळ्यांतले बुश पहारीने हलवून बघा. शॉकअप तेलकट झालाय का तेही बघा, पण शॉकअप भार पेलत नाही, तो फक्त झोके थांबवतो, हे ध्यानात ठेवा. 'हेवी' शॉकअप टाकून बूड उचललं जाईल अशी आशा धरू नका.

माझ्या भाच्याच्या गाडीला तीन पाटे वाढवायचं ठरलं होतं. खोललं तर उजवीकडचा तिसरा पाटा तुटून दोन तुकडे झाले होते आणि बाकी सगळं ठीक होतं. नवा संच बसवला, गाडी उभी राहिली.

कोणता पर्याय घ्यावा

जुने पाटे तापवून पुन्हा कमान भरून देतात. स्वस्त काम. पण पाट्याचं पोलाद म्हणजे आधी कडक करून मग थोडा कडकपणा उतरवलेलं स्प्रिंग-पोलाद. भट्टीत लाल करून हातोड्याने वाकवलं आणि तसंच गार होऊ दिलं तर ते मऊ पडतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसतं. तेलात बुडवून, मग बेताच्या आचेवर टेंपर उतरवून देणारा कारागीर असेल तर काम टिकतं. त्याला तोंडावर विचारा, कसं गार करता? उत्तरावरून कळतं.

पाटा वाढवायचा असेल तर जाडीचं गणित समजून घ्या. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा म्हणजे जवळजवळ दुप्पट कडक. सहा पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा सातवा टाकला तर संच साधारण १७ टक्के कडक होतो. म्हणजे आधी ९ सेंटिमीटर बसणारी गाडी पावणेआठ सेंटिमीटर बसेल. एवढाच फरक बहुतेकांना पुरतो. शिवाय सगळे पाटे सारखेच वाकतात, तेव्हा त्यातल्या जाड पाट्याच्या अंगावर ताण जास्त येतो. माझा जाड पाटाच का तुटला ते असं कळलं. तेव्हा नियम : त्याच रुंदीचा, त्याच जाडीचा, एकच.

हेल्पर पाटा हा मला जास्त पटलेला पर्याय. तो मुख्य संचाच्या वर वेगळा बसतो आणि भार आल्यावरच चेसिसवरच्या गुटक्यांना टेकतो. रिकामी गाडी मूळसारखीच मऊ राहते, भरली की हेल्पर खांदा देतो. केळी आणणाऱ्याने हाच घ्यावा, कारण फण्यांचं नुकसान अर्ध्या भारात होतं. मूळ गाडीला हेल्पर असेलच तर तो किती भाराला टेकतो ते बघा. पूर्ण भारातही टेकत नसेल तर उगाच मिरवतोय, आणि रिकाम्यातच टेकलेला असेल तर मुख्य पाटे बसलेत.

हवेचे फुगे (एअर बॅग) चेसिस आणि एक्सलच्या मध्ये बसतात, दाब कमी-जास्त करून उंची जुळवता येते. कधी रिकामी, कधी भरलेली अशी गाडी महामार्गावर चालवणाऱ्याला ते छान. पण ते सगळा जोर चेसिसच्या एकाच जागी देतात. माल एक्सलच्या मागे लोंबत असेल तर चेसिस तिथे वाकू शकतं. डाव्या-उजव्या फुग्याला नळी वेगळी ठेवा, एकाच नळीवर असतील तर वळणावर एकातली हवा दुसऱ्यात जाते आणि गाडी आणखी झुकते. सायलेन्सरपासून लांब. आणि ज्याचा रस्ता बाभळीच्या काट्यांतून जातो त्याने दोनदा विचार करावा.

एक अपवाद. तुमच्या गाडीला मध्ये जाड आणि टोकांना निमुळते असे दोन-तीनच पाटे असतील तर ते पॅराबोलिक आहेत. त्यांच्यात साधा पाटा कधीच घुसवायचा नाही.

पाटा वाढवण्याचं काम

जागा फरशीची किंवा काँक्रीटची घ्या. काळ्या मातीत जॅक तिरका होतो आणि गाडी अंगावर येते. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्या चाकांनाच लागतो आणि मागची चाकं तर आपण उचलणार आहोत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग हौसिंगखाली (मागच्या एक्सलच्या कवचाखाली) जॅक लावून उचला, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या थोडं पुढे चेसिसखाली दोन मजबूत स्टँड द्या आणि जॅक इतका उतरवा की गाडी स्टँडवर आणि एक्सल नुसता जॅकवर टेकलेला राहील. विटा, सिमेंटचे ब्लॉक, जुने रिम यांवर गाडी ठेवून खाली झोपणाऱ्याला मी हात धरून बाहेर काढतो, नातं काहीही असो.

एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बाजू एक्सल जागेवर धरून ठेवते. पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या आट्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. शॉकअपचं खालचं टोक सोडा. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे एक्सल खाली जाताना दरवेळी बघा. यू-बोल्ट काढा, ते पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणलेले यू-बोल्ट नीट पकड देत नाहीत, नवे घ्या. मग पुढचा बोल्ट आणि मागचं शॅकल काढून संच बाहेर घ्या. दोघं लागतात.

या कामातली सगळ्यांत धोक्याची पायरी आता येते. सेंटर बोल्ट काढायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावून संच आवळा. पाट्यांच्या कमानी मुद्दाम थोड्या वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून आवळलेल्या संचात ताण भरलेला असतो. बोल्ट सुटताच तो उसळतो. क्लॅम्प सावकाश, आळीपाळीने सैल करा, तोंड बाजूला ठेवून.

प्रत्येक पाटा ब्रशने साफ करा, कडा बोटाने चाचपा, चीर दिसली तर तो पाटा बाद. नवा पाटा लांबीच्या क्रमाने त्याच्या जागी जातो, म्हणजे वरच्याहून आखूड आणि खालच्याहून लांब. सुटा असताना त्याची कमान वरच्यापेक्षा जरा जास्त असावी, म्हणजे आवळल्यावर टोकं घट्ट टेकतात. भोक पाडायची किंवा जोडायची वेळ आली तर चुकीचा पाटा आणलाय असं समजा. स्प्रिंग-पोलादाला वेल्डिंगची ज्योत लागली की तो तिथेच तुटतो. मध्ये ग्रॅफाइट ग्रीस पातळ फासा. जाड थर दिला तर धूळ त्यात बसून दगडी पूड होते.

नवा सेंटर बोल्ट लांब आणि हाय-टेन्साइल घ्या. पाटे एक्सलच्या वर असतील तर बोल्टचं डोकं खाली, एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसायला हवं. ते बसलंय हे डोळ्याने बघा, अंदाजाने नको. नव्या जाडीला पुरतील इतके लांब यू-बोल्ट असावेत, आवळल्यावर नटाबाहेर दोन-तीन आटे दिसावेत. चारही नट कोपऱ्याला कोपरा असे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळा. डोळ्यांतले आणि शॅकलचे बोल्ट मात्र आत्ता हातानेच ठेवा. रबरी बुश असतील तर गाडी जमिनीवर उतरवून, वजन चाकांवर आल्यावर शेवटचं आवळायचं, नाही तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दुसऱ्या बाजूला हेच सगळं, पाटे दोन्हीकडे सारखेच.

बूड उचललं म्हणजे संपलं नाही

बऱ्याच पिकअपमध्ये चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग मागच्या एक्सलला जोडलेली असते. गाडी किती बसलीय यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. आपण गाडी उंच केली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो. कोंडाईबारी किंवा चाळीसगाव-कन्नडच्या घाटात ते कळावं अशी इच्छा नसेल तर पाट्यांचं काम झाल्याबरोबर हा दांडा कंपनीच्या मापाने जुळवून घ्या. पाटेवाले हे बहुधा सांगत नाहीत. मला स्वतःला दुसऱ्या गाडीच्या वेळी कळलं.

हेडलाइटही तपासा. रात्री भिंतीसमोर रिकामी आणि भरलेली गाडी उभी करून प्रकाशाची रेघ खडूने आखा. ६० ते ८० च्या वेगात खालून नवी थरथर आली तर प्रॉपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदललाय, त्याचा सांधा म्हणजे क्रॉस लवकर जाईल, दाखवून घ्या. पाटे कडक झाले असतील तर जुना शॉकअप पुरत नाही. बूड दोन-तीनदा झुलत असेल तर जोडी बदला.

मग रिकामी, अर्धी, पूर्ण अशी तीन फेऱ्यांत चाचणी घ्या आणि दरवेळी भिंतीवरच्या जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. पूर्ण भारात जंपर आणि एक्सलमध्ये तीन-चार बोटं जागा राहिली, नाक फारसं उचललं नाही आणि रिकामी गाडी उड्या मारत नाही, तर काम जमलं. उंच भरलेल्या सुट्या कापसाच्या गाडीला मात्र या आकड्यांवर जोखू नका. वजन कमी पण झोका मोठा असतो, तिथे उंची कमी करणं आणि दोर नीट मारणं हेच काम करतं.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि ५०० किलोमीटरनंतर भरलेल्या गाडीत एकदा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, मधली ग्रीस दाबली जाते आणि नट सैल पडतात. माझे पहिल्या खेपेला जवळजवळ पाव फेरा फिरले होते. नटावर आणि प्लेटवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, मग रोज सकाळी हवा बघताना वाकून एक नजर टाकली तरी रेघ तुटलीय का ते दिसतं.